चार गेजचं वायरिंग किट: खोक्यावरचे आकडे आणि आतली तार

गाडीत सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बसवायचं ठरलं की बहुतेक जण वूफर दहा इंची की बारा इंची, अ‍ॅम्प किती वॉटचा, यावर महिनाभर काथ्याकूट करतात. तारांचा खोका मात्र शेवटी हाताला लागेल तो उचलला जातो. हे परीक्षण त्या खोक्याचं आहे. ‘४ गेज अ‍ॅम्प्लिफायर वायरिंग किट’ असं वर ठळक छापलेलं, खाली १५०० किंवा २००० वॉटचा दावा, आत लाल-काळी-निळी वेटोळी. हे किट ढीगभर नावांनी विकलं जातं आणि आतला माल जवळपास सारखाच असतो, म्हणून कुठल्या एका नावावर बोट न ठेवता त्या जातीच्या किटबद्दलच लिहिलं आहे. हिशेबासाठी नेहमीची जोडणी धरली आहे: बॅटरी बॉनेटखाली, अ‍ॅम्प डिकीत, ५०० वॉट आरएमएसचा (आरएमएस म्हणजे अ‍ॅम्प सतत देऊ शकतो ती शक्ती) क्लास डी मोनो, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा एकाच चॅनलचा अ‍ॅम्प आणि एक बारा इंची वूफर.

निकाल आधीच सांगतो. किटमधल्या अर्ध्या वस्तू खुशाल वापरा. फ्यूज होल्डर आणि थिंबल (बोल्टखाली आवळण्यासाठी केबलच्या टोकाला दाबून बसवायचा भोकाचा धातूचा तुकडा) बाजूला काढून दुसरे आणा. लाल केबलचा निर्णय वजनकाट्यावर घ्या. आणि किट कितीही चांगलं निघालं तरी काम बिघडतं ते सांध्यांवर, तारेच्या लांबीत नव्हे.

खोक्यात साधारण पाच मीटर लाल पॉवर केबल, मीटरभर काळी अर्थ केबल, पाच मीटर आरसीए (स्टीरिओचा आवाज अ‍ॅम्पपर्यंत नेणारी केबल), तितकीच निळी रिमोट वायर, काही मीटर स्पीकर वायर, एक फ्यूज होल्डर, थोडे थिंबल, एक रबरी बुश, खाचांचा काळा पाइप आणि मूठभर केबल टाय येतात. हॅचबॅकला पाच मीटर पुरतात. लांब सेडानमध्ये बॅटरी एका बाजूला आणि अ‍ॅम्प डिकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात असेल तर पुरत नाहीत. किट घेण्याआधी ज्या वाटेने केबल जाणार त्याच वाटेने एक दोरी टाकून मोजा. मधे जोड देऊन केबल वाढवणं म्हणजे आणखी एक सांधा पदरात घेणं.

केबल: काटा काय सांगतो

४ गेज म्हणजे तांब्याचं २१.१५ चौरस मिमी क्षेत्रफळ. ही व्याख्या आहे, अंदाज नव्हे. पण ही व्याख्या आतल्या धातूची आहे. बाहेरून दिसणारी जाडी निम्मी रबराचीच असते. स्वस्त किटमध्ये दोन खोड्या एकदम असतात. एक, तार तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे सीसीए असते. दुसरी, जाड इन्सुलेशनच्या आत तारांचा गठ्ठा बारीक असतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. तांब्याची घनता ८.९६, अ‍ॅल्युमिनियमची २.७०. त्यामुळे पाच मीटर खऱ्या ४ गेज केबलमधलं नुसतं तांबंच ९४० ग्रॅमच्या पुढे जातं. इन्सुलेशनसकट वेटोळं सव्वा किलोच्या आसपास भरायला हवं. तेवढ्याच जाडीचं सीसीए साधारण पाऊण किलोवर थांबतं. अर्ध्या किलोचं भरलं तर समजा दोन्ही खोड्या आहेत. पक्की खात्री करायची असेल तर टोक सोलून एक तंतू ब्लेडने खरवडा. आतून पांढरा निघाला की सीसीए. कॅलिपर हाताशी असेल तर तंतूचा व्यास मोजा आणि तंतू मोजा: ०.२५ मिमीचे तंतू असतील तर ४ गेजसाठी सुमारे ४३० हवेत. २५० भरले तर क्षेत्रफळ जेमतेम सव्वाबारा चौरस मिमी झालं, म्हणजे ते ६ गेजलाही पुरत नाही (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक).

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण सीसीएला शिव्या घालण्याची आता फॅशनच झाली आहे. ५०० वॉटचा क्लास डी अ‍ॅम्प ८० टक्के कार्यक्षम धरला तर तो पूर्ण जोरात ६२५ वॉट ओढेल, १३.८ व्होल्टला हे सुमारे ४५ अ‍ॅम्पिअर होतात. खऱ्या ४ गेज तांब्याच्या पाच मीटरमध्ये यामुळे ०.१८ व्होल्ट पडतात. पूर्ण मापाच्या सीसीएमध्ये ०.२९. सव्वाबारा चौरस मिमीच्या त्या फसव्या केबलमध्येसुद्धा अर्धाच व्होल्ट. अर्ध्या व्होल्टने आवाजात पडणारा फरक एक तृतीयांश डेसिबलच्या आसपास, आणि तो कानाला कळत नाही. शिवाय बेस सतत वाजत नाही, ठोक्याठोक्याने वाजतो, त्यामुळे सरासरी प्रवाह याहून बराच कमी असतो. तेव्हा ‘सीसीएमुळे बेस मरतो’ हे या ताकदीच्या अ‍ॅम्पला तरी लागू नाही. हजार वॉटच्या पुढे गेलात की हाच हिशेब उलटतो आणि तिथे खरं तांबंच घ्यावं.

धोका दुसरीकडे आहे. किटमध्ये १०० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज दिलेला असतो आणि त्या बारीक सीसीएची कुवत ५० च्या आसपासच असते. केबल कुठे घासून बॉडीला चिकटली तर फ्यूज उडायच्या आधी इन्सुलेशन वितळू लागेल. म्हणून वजनात नापास झालेली केबल वापरायचीच असेल तर फ्यूज ५० चा टाका, आणि तेवढ्यावर अ‍ॅम्प भागत नसेल तर केबल बदला. आवाजासाठी नव्हे, आगीसाठी.

फ्यूज होल्डर: हा ठेवू नका

किटमध्ये बहुतेक वेळा एजीयू जातीचा होल्डर असतो. पारदर्शक नळी, आत काचेचा फ्यूज, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. दिसायला सगळ्यात आकर्षक, पण कामाला सगळ्यात वाईट वस्तू हीच. फ्यूजच्या टोपीचा आणि होल्डरच्या आतल्या भागाचा स्पर्श फार थोड्या जागेत होतो आणि गाडीच्या थरथरीने तो ढिला पडतो.

गणित साधं आहे. ढिल्या सांध्याचा रोध ५ मिलिओहम झाला आणि त्यातून ४५ अ‍ॅम्पिअर गेले, तर त्या बोटाच्या पेराएवढ्या जागेत १० वॉट उष्णता तयार होते. फसव्या केबलमध्ये २२ वॉट तयार होतात खरे, पण ते पाच मीटरभर पसरतात. इथले १० वॉट एकाच ठिकाणी साचतात. आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग मऊ होतं. फ्यूजच्या टोपीतला डाग (सोल्डर) पाघळतो आणि तार शाबूत असूनही फ्यूज मधूनमधून तुटल्यासारखा वागतो. वरून ठीक दिसणारा फ्यूज आणि खड्ड्यात गाडी आदळली की बंद पडणारा अ‍ॅम्प, ही याच होल्डरची खूण.

त्याऐवजी एएनएल किंवा मिनी-एएनएल होल्डर आणा. त्यात चपटी पट्टी दोन स्क्रूंखाली आवळली जाते, स्पर्शाची जागा भरपूर मिळते. फ्यूजची किंमत, म्हणजे किती अ‍ॅम्पिअरचा, हे ठरवताना दोन आकडे पाहायचे: केबलची कुवत आणि अ‍ॅम्पच्या अंगावरचे फ्यूज. अ‍ॅम्पवर ३० चे दोन असतील तर मुख्य फ्यूज ६० चा. दोन्हींतला जो आकडा लहान तो घ्यायचा. हा फ्यूज केबल वाचवण्यासाठी असतो. अ‍ॅम्प वाचवायला त्याचे स्वतःचे फ्यूज आहेत.

होल्डर बॅटरीपासून केबलच्या मापाने ४५ सेंटीमीटरच्या आत हवा, जितका जवळ तितकं बरं. बॅटरी ते फ्यूज हा तुकडा पूर्णपणे बेवारस असतो. तो धातूला टेकला तर बॅटरी शेकड्यांनी अ‍ॅम्पिअर ओतते आणि अडवायला मधे कुणी नसतं. होल्डर लोंबकळत ठेवू नका, पट्टी किंवा स्क्रूने पक्का करा. एक्झॉस्टच्या गरम पाइपांपासून आणि पंख्यापासून दूर. आणि सगळं काम होईपर्यंत होल्डरमध्ये फ्यूज घालू नका. तो सर्वांत शेवटी.

थिंबल

किटमधल्या सोनेरी थिंबलचा पत्रा इतका पातळ असतो की पकडीने दाबला की चपटा होतो, तारेला धरत नाही. चार गेजसाठी कलई केलेले जाड तांब्याचे थिंबल घ्या. त्यांवर २२-८ किंवा २५-८ असा छाप असतो. पहिला आकडा केबलचं चौरस मिमी, दुसरा भोकाचं मिमी. दाबायला षटकोनी साच्याचं हायड्रॉलिक क्रिंपिंग यंत्र भाड्याने किंवा उसनं आणा. हातोडीने ठोकून केलेला सांधा सुरुवातीला छान दिसतो, पण आतल्या तंतूंमध्ये हवा राहते आणि वर्षभरात तो काळा पडतो. क्रिंप केल्यावर केबल एका हातात, थिंबल दुसऱ्या हातात धरून जीव खाऊन ओढा. निघाला तर आत्ता निघालेला बरा. वरून डकवणारी उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवा.

नुसतं डाग देऊन थिंबल जोडण्याचा मोह होतो, तो टाळा. डाग तारेत वर चढतो, तेवढा भाग कडक होतो आणि थरथरीने नेमका तिथेच तंतू तुटतो.

केबल ओढणं

आधी गाडी बंद, चावी बाहेर, बॅटरीचं ऋण टोक सोडवलेलं. त्यानंतर दहाएक मिनिटं थांबा. गाडीच्या पुस्तिकेत एअरबॅगसाठी वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा. हेडयुनिटला (डॅशबोर्डवरच्या स्टीरिओला) कोड लागत असेल तर तो आधीच शोधून ठेवा, नाहीतर बॅटरी जोडल्यावर रेडिओ गप्प बसेल.

फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून, आत येण्यासाठी आधी गाडीतलंच एखादं रबरी बुश शोधा. मूळ वायरिंगचा गठ्ठा जिथून आत येतो त्या बुशात कडेला एक छेद देऊन केबल सरकवता येते. कडक तार पुढे घालायची, तिला केबल टेपने बांधायची आणि आतून ओढून घ्यायची. टोकदार वस्तू खुपसण्याआधी पलीकडे काय आहे ते दोन्ही बाजूंनी पाहा. नवं भोक पाडावंच लागलं तर किटमधलं बुश उपयोगी आहे, पण त्याची खाच आणि भोक यांचं माप जुळलं पाहिजे. भोकाची धार कानसून घ्या, रंग लावा, मगच बुश बसवा. बुशाशिवाय पत्र्यातून गेलेली लाल केबल ही कधीतरी होणारी शॉर्टसर्किट आहे, फक्त तारीख ठरायची बाकी.

आत आल्यावर पॅडलच्या आणि स्टिअरिंगच्या दांड्याच्या वाटेत केबल येता कामा नये. पिवळ्या आवरणातल्या वायरी आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावायचा नाही, त्यांना आपली केबल बांधायचीही नाही. सीटखालीही असे कनेक्टर असतात. दाराच्या उंबरठ्यावरच्या प्लास्टिक पट्ट्या बहुधा क्लिपांवर असतात, सरळ वर उचलल्या की निघतात. स्क्रूड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची उचकटणी वापरली तर चरे पडत नाहीत. लाल केबल एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने. डिकीत पोचल्यावर उरलेली लाल केबल गुंडाळून ठेवू नका, कापून टाका. उरलेली आरसीए मात्र कापता येत नाही, ती नागमोडी दुमडून बांधा.

अर्थ: इथे वेळ घालवा

दहातल्या आठ तक्रारींचं मूळ इथे सापडेल असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल कदाचित, पण आवाज गुरगुरतो, अ‍ॅम्प मधेच बंद होतो, लाल दिवा लागतो, यांपैकी काहीही झालं की पहिला हात अर्थच्या बोल्टला लावावा. लाल केबलमधून जितका प्रवाह जातो तितकाच काळ्यातून परत यायचा असतो. तरी लाल केबल चार गेजची आणि अर्थ मिळेल त्या बोल्टखाली, असं सर्रास दिसतं.

काळी केबल लालइतकीच जाड हवी आणि ४५ सेंटीमीटरच्या आत संपली पाहिजे. किटमधली मीटरभर असते, ती निम्मी करा. बोल्टची जागा निवडताना गाडीच्या सांगाड्याचा भाग पाहा: मागच्या सीटच्या पाठीचा आधार, चाकाच्या कमानीजवळची जाड पट्टी. स्टेपनीच्या खड्ड्याचा पातळ पत्रा किंवा दोनचार ठिकाणी डागलेली एखादी ब्रॅकेट टाळा. सीटबेल्टचा बोल्ट तर कधीच सोडवायचा नाही. तो ठरावीक ताणाने आवळलेला असतो आणि त्याखाली थिंबल सरकवलं की ती पकड आपण बदलली. नवं भोक पाडणार असाल तर आधी गाडीखाली जाऊन पाहा. मागच्या सीटखाली अनेक गाड्यांत इंधनाची टाकी असते, आणि शेजारून ब्रेकच्या नळ्या जातात.

जागा ठरली की थिंबलपेक्षा थोडा मोठा गोल पॉलिश पेपरने घासून काढा. रंग, त्याखालचा प्रायमर, त्याखालचा राखाडी थर, सगळं जाऊन चकचकीत पत्रा दिसला पाहिजे. थिंबल थेट पत्र्यावर, त्यावर दातेरी वॉशर, मग ८ मिमीचा बोल्ट, आणि पलीकडून नट पोचत असेल तर नट. पत्र्यात आपला आपण घुसणारा स्क्रू इथे चालत नाही. तो दीडदोन आट्यांवरच टेकलेला असतो. आवळून झाल्यावर सगळ्यावर रंगाचा किंवा ग्रीसचा थर द्या, नाहीतर त्या उघड्या पत्र्यावर गंज चढेल आणि सहा महिन्यांनी तुम्ही परत इथेच असाल.

तपासणीसाठी मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर विसंबू नका. मीटरच्या दोन पिनांचाच रोध ०.२ ओहमच्या पुढे असतो, आणि आपल्याला शोधायचे आहेत मिलिओहम. त्याऐवजी इंजिन चालू ठेवून, ५० हर्ट्‌झचा स्वर जोरात वाजवत, डीसी व्होल्ट रेंजवर एक पिन अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलवर आणि दुसरी लांब वायरने बॅटरीच्या ऋण टोकावर धरा. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर उत्तम. ०.३ च्या पुढे गेलं तर घासायला परत बसा. हीच चाचणी लाल बाजूलाही करता येते: बॅटरीचं धन टोक ते अ‍ॅम्पचं धन टर्मिनल. दोन्ही आकडे हातात आले की दोष कोणत्या बाजूला आहे याचा वाद उरत नाही.

नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर एक छोटा काळा चौकोनी डबा असतो. तो प्रवाह मोजणारा सेन्सर आहे. अ‍ॅम्पची अर्थ थेट त्या टोकाला जोडली तर अ‍ॅम्पने ओढलेली वीज सेन्सरच्या हिशेबात येत नाही आणि चार्जिंगचं गणित चुकतं. अशा गाडीत अर्थ बॉडीलाच द्यायची.

आरसीए आणि निळी वायर

किटमधली आरसीए चालेल. तिचं कवच पातळ असतं, पण गुरगुर येते ती बहुतेक वेळा अर्थमुळे. मात्र एक काळजी घ्या: अ‍ॅम्प चालू असताना आरसीए काढू-घालू नका, आणि मुख्य अर्थ पक्की झाल्याशिवाय अ‍ॅम्पला वीज देऊ नका. अर्थ ढिली असेल तर प्रवाह परतीची वाट आरसीएच्या कवचातून शोधतो, आणि काही हेडयुनिटमधला तिथला केसासारखा बारीक फ्यूज जळतो. त्यानंतर कायमची गुणगुण मागे लागते आणि दोष बिचाऱ्या अ‍ॅम्पच्या माथी येतो.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर अ‍ॅम्प बंद करून त्याच्या टोकाच्या आरसीए काढा आणि पुन्हा चालू करा. शिट्टी गेली तर ती हेडयुनिटच्या बाजूने येते आहे. राहिली तर अ‍ॅम्पच्या वीज किंवा अर्थमध्ये दोष आहे. आरसीएच्या मधे लावायचा, असा आवाज अडवणारा आयसोलेटर हे ठिगळ आहे. लावलं तर शेवटचा उपाय म्हणून.

निळी वायर अ‍ॅम्पला जागं करण्यापुरती, तिच्यातून प्रवाह नगण्य जातो. हेडयुनिटच्या मागच्या निळ्या किंवा निळ्या-पांढऱ्या वायरीला ती जोडायची. ती सरळ बॅटरीच्या धन टोकाला जोडलीत तर अ‍ॅम्प कधीच झोपणार नाही आणि बॅटरी उतरेल. कंपनीच्या स्टीरिओला आरसीए नसेल तर अ‍ॅम्पला हाय-लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरीवरून आवाज घ्यायची सोय) आहे का ते आधी पाहा. असे बरेच अ‍ॅम्प स्पीकरच्या वायरीवरून स्वतःच चालू होतात आणि मग निळ्या वायरीची गरज राहत नाही. अ‍ॅम्प तसा आपोआप चालू होत नसेल तर फ्यूज पेटीत चावी फिरवल्यावरच जिवंत होणारा फ्यूज शोधून, फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणाऱ्या जोडणीने) तिथून घ्या.

स्पीकर वायर, ओहम आणि खोका

किटमधली स्पीकर वायर बहुधा १६ गेजची असते. दीड मीटरच्या अंतराला, २ ओहमच्या वूफरला, तिच्यात दोनतीन टक्के जातात. चालेल. फक्त धन-ऋण उलटं करू नका.

दुहेरी कॉइलचा वूफर घेतला असेल तर जोडणी अ‍ॅम्पच्या किमान ओहमशी जुळवा. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम, एकामागे एक जोडल्या तर ८. २ ओहमच्या दोन असतील तर १ किंवा ४. मल्टिमीटरवर ४ ओहमची कॉइल साडेतीनच्या आसपास दिसते. ती खराब नसते, मीटर डीसी रोध दाखवतो. अ‍ॅम्प २ ओहमपर्यंतचाच असेल आणि १ ओहम जोडलात तर तो तापून बंद पडेल, किंवा बंद न पडता जळेल.

वूफरचा खोका डिकीत पट्ट्यांनी बांधा. वीसेक किलोचं धूड जोरात ब्रेक लागल्यावर कुठे जाईल याचा विचार करा. अ‍ॅम्प त्या खोक्यावरच स्क्रूने बसवण्याची पद्धत आहे, ती टाळा: थरथरीने आतले जोड सुटतात. पार्सल ट्रेखाली उलटाही टांगू नका, उष्णता वर जाऊन त्याच्याच पोटात साठते.

गेन लावणं

गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही. हेडयुनिट किती व्होल्ट देतं हे अ‍ॅम्पला सांगण्यासाठी तो आहे. २ व्होल्टच्या हेडयुनिटला गेन जास्त लागेल, ४ व्होल्टच्याला कमी, आणि शेवटी दोन्हींकडून तेवढेच वॉट मिळतील.

वूफर सोडवा. बेस बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, सबवूफर लेव्हल मधोमध. इंजिन चालू. ५० हर्ट्‌झचा पूर्ण पातळीचा शुद्ध स्वर लावा आणि हेडयुनिट एकूण आवाजाच्या पाऊण भागावर आणा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर धरा. लक्ष्य आकडा: वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५०० वॉट, २ ओहम असेल तर १००० चं वर्गमूळ, म्हणजे ३१.६ व्होल्ट. ३०० वॉट, ४ ओहम असेल तर ३४.६. गेन शून्यापासून हळूहळू वाढवत तिथवर न्या आणि थांबा. वॉटचा आकडा अ‍ॅम्प आणि वूफर यांपैकी ज्याचा आरएमएस लहान त्याचा घ्या. खोक्यावरचा ‘मॅक्स’ आकडा जाहिरातीपुरता असतो. सीटीए-२००६ मानकाने दिलेला आकडा असेल तर त्यावर विश्वास ठेवा, तो १४.४ व्होल्टला, १ टक्का विकृतीच्या आत मोजलेला असतो.

इथे घाई केली की वूफर जळतो. जास्त गेनने लाटेची टोकं कापली जातात, सरासरी शक्ती वाढते, आणि कॉइलला थंड व्हायला उसंत मिळत नाही. डिकीतून जळक्या वार्निशचा वास आला की तेच झालेलं असतं.

लो-पास (वूफरला फक्त खालचे स्वर देणारा फिल्टर) ८० हर्ट्‌झवर, पुढच्या स्पीकरांचा हाय-पासही (त्यांना फक्त वरचे स्वर देणारा) ८० वर. पोर्ट (हवेची नळी) असलेल्या खोक्याला सबसॉनिक, म्हणजे अगदी खालचे स्वर अडवणारा, फिल्टर २५ ते ३० दरम्यान लावा. पोर्ट ज्या हर्ट्‌झला जुळवलेला असतो त्याच्या खाली वूफरला आवर घालायला खोक्यातल्या हवेचा दाबच उरत नाही. शेवटी ड्रायव्हरच्या सीटवर बसून फेजचं बटण ० आणि १८० करून पाहा. ज्यात बेस भरीव वाटेल ते ठेवा. कधी कधी निव्वळ या बटणाने ‘वूफर छोटा पडला’ ही खंत मिटते.

एक फॅरडचा कपॅसिटर किटसोबत गळ्यात मारला जातो. १४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना तो २६ जूल देतो, म्हणजे ५०० वॉटला सेकंदाचा विसावा हिस्सा. बेसच्या ठोक्याला दिवे मंदावत असतील तर त्याआधी सांधे पाहा, मग बॅटरीचं वय, मग अल्टरनेटर.

पंधरा दिवसांनी

अर्धा तास जोरात वाजवा, गाडी बंद करा आणि लगेच बॉनेट उघडून फ्यूज होल्डरला, मग बॅटरीच्या थिंबलला, मग डिकीतल्या अ‍ॅम्पच्या टर्मिनलला आणि अर्थच्या बोल्टला बोट लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर तो सांधा उघडून परत करा. अ‍ॅम्पच्या टर्मिनलमध्ये केबल नागडी न घालता टोकाला फेरूल (तंतू एकत्र धरणारी धातूची नळी) चढवलेली असेल तर स्क्रू तंतू कापत नाही. जाड पडते म्हणून चार तंतू छाटून आत घुसवलेली केबल तर तिथेच तापते. सीसीए वापरली असेल तर बॅटरीचं ऋण टोक आधी सोडवून सगळे स्क्रू पुन्हा एकदा पान्याने आवळा. अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं, आणि पहिल्या दिवशी घट्ट बसलेला स्क्रू पंधरवड्यात पाव आटा सहज फिरतो.